आठ रुपये छत्तीस पैशांची पट्टी

नोव्हेंबर २०२२ मध्ये गदग जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने २०५ किलो कांदा चारशेहून जास्त किलोमीटरवरच्या बेंगळुरूत, यशवंतपूरच्या बाजार समितीत आणून विकला. भाव निघाला क्विंटलला २०० रुपये. एकूण ४१० रुपये झाले. त्यातून गाडीभाड्याचे ३७७ रुपये ६४ पैसे गेले, हमालीचे २४ रुपये गेले आणि हातात आले ८ रुपये ३६ पैसे. त्या पावतीचा फोटो देशभर फिरला. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे सगळी कापाकापी होऊन २ रुपये मिळाले, तेही पुढच्या तारखेच्या चेकने. त्याही पट्टीचा फोटो वर्तमानपत्रांत छापून आला.

या दोन कागदांवर संताप व्यक्त करून झाला आहे, आणि तो रास्तच होता. मला त्या कागदांकडे दुसऱ्या कारणासाठी बघायचं आहे. त्यांवर वजन होतं, भाव होता, भाडं होतं, हमाली होती, उरलेली रक्कम होती. शेतकरी नाडला गेला, पण किती आणि कोणत्या रकान्यात नाडला गेला हे त्याला चारचौघांत दाखवता आलं. मराठीत पुस्तक लिहिणाऱ्याला वर्षाकाठी आठ रुपये छत्तीस पैसे मिळाले, तर ते दाखवायला त्याच्याकडे बहुधा कागदच नसतो. किती प्रती छापल्या, किती गेल्या, किती परत आल्या, वितरकाने किती टक्के घेतले, ग्रंथालयाकडून किती यायचे आहेत, यातलं काहीही त्याला लेखी मिळत नाही. मिळतं ते एक वाक्य: ‘बरं चाललंय पुस्तक.’ किंवा दुसरं वाक्य: ‘हल्ली कुणी वाचत नाही हो.’ दोन्ही वाक्यं एकाच पुस्तकाबद्दल एकाच महिन्यात ऐकायला मिळतात.

लेखकाने यशस्वी कसं व्हावं, छोट्या धंदेवाल्याने उभं कसं राहावं, यावर आपल्याकडे आता व्याख्यानांना आणि शिबिरांना तोटा नाही. पहाटे उठा, रोज पानभर लिहा, स्वतःचा ब्रँड घडवा, वाचकाशी नातं जोडा. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या व्यवहारात पट्टी मिळत नाही त्या व्यवहारात यशाबद्दल बोलणं ही दिशाभूल आहे. कांदा पिकवणाऱ्याला पहाटे उठायला शिकवावं लागत नाही. तो उठतोच. त्याचं नुकसान उठण्याच्या वेळेमुळे झालेलं नसतं.

मराठीत या प्रश्नाची दोन बाजूंनी अडवणूक होते. एका बाजूला यशाचे मंत्र विकणारे. दुसऱ्या बाजूला साहित्य ही साधना आहे, तिथे पैशाची भाषा नको, असं सांगणारे. हे दोघे एकमेकांना तुच्छ लेखतात, पण एका बाबतीत त्यांचं एकमत आहे: हिशोब मागायचा नाही. पहिला म्हणतो, हिशोब मागणारा माणूस नकारात्मक असतो. दुसरा म्हणतो, हिशोब मागणारा माणूस लेखकच नसतो.

पहिल्याचा समाचार आधी घेऊ. बेंगळुरूतली सर्वांत लाडकी यशोगाथा इन्फोसिसची आहे, आणि ती सुरू झाली पुण्यात. १९८१ साली सात जणांनी कंपनी काढली, सुधा मूर्तींनी आपल्या बचतीतले दहा हजार रुपये दिले, आणि १९८३ मध्ये कंपनी बेंगळुरूला आली. दहा हजारांचा आकडा आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पण सुधा मूर्तींनी स्वतःच सांगितलेली दुसरी गोष्ट व्याख्यानांत क्वचित येते. त्या काळात त्या पुण्यात नोकरी करत होत्या आणि घरखर्चाची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली होती. म्हणजे त्या धंद्याचं खरं भांडवल दहा हजार रुपये एवढंच नव्हतं. दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारा एका बाईचा पगारही होता. ही गोष्ट कमीपणाची मुळीच नाही. पण ती गाळून जेव्हा ‘फक्त दहा हजारांत’ असं सांगितलं जातं, तेव्हा ऐकणाऱ्या पोराला वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. त्याच्यात कमी काही नसतं, त्याच्या घरात दुसरा पगार नसतो.

लेखकांचंही तेच आहे. अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यातले नावाजलेले चित्रकार होते. पोट त्या कामावर होतं, म्हणून कविता कुणाच्या तालावर नाचली नाही आणि पुस्तक छापायची घाईही झाली नाही. छापायची वेळ आली तेव्हा अशोक शहाण्यांसारखा प्रास प्रकाशन चालवणारा मित्र होता. नोकरी, मित्र आणि वेळ या तिन्हींची किंमत पैशांत मोजता येते. कवीची निष्ठा सांगताना हा जमाखर्च वगळला, की नवा कवी निष्ठेच्या नावाखाली कर्ज काढतो.

आता दुसऱ्या बाजूकडे. तिच्या तोंडी तुकोबा हमखास असतात. तुकोबा दुकानदार होते, सावकारी होती, दुष्काळात सगळं बसलं, आणि परंपरा सांगते की त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. मानधन मागणाऱ्या लेखकाला ही गोष्ट ऐकवली जाते. पण गोष्ट नीट वाचावी. बुडवली ती तुकोबांच्या स्वतःच्या वाटणीची खतं. धाकट्या भावाचा, कान्होबाचा निम्मा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला. आणि ती खतं होती लोकांकडून येणं असलेल्या पैशांची. ज्याचं येणं आहे त्याने ते सोडलं, तर तो वैराग्याचा मार्ग झाला. ज्याचं देणं आहे त्याने ते बुडवलं आणि वर तुकोबांचं नाव घेतलं, तर त्याला देहूच्या बाजारात वेगळा शब्द असणार. दुसऱ्याचं येणं बुडवण्याचा अधिकार तुकोबांनी कुणालाही दिलेला नाही.

याच बाजूला अण्णा भाऊ साठ्यांच्या गरिबीचं कौतुक चालतं. ‘फकिरा’ १९५९ ची. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबऱ्या, कथा, लावण्या, पोवाडे, चित्रपटकथा एवढं सगळं लिहिलेला हा माणूस वर्षानुवर्षं घाटकोपरच्या चिरागनगरात राहिला आणि १९६९ साली हलाखीत गेला. त्यांची पुस्तकं खपत नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही. तरीही जयंतीच्या भाषणांत त्यांची झोपडी हा त्यांच्या प्रतिभेचा दागिना म्हणून मिरवला जातो. झोपडीने लिहायला बळ दिलं असं म्हणणाऱ्याने महिनाभर तिथे राहून दाखवावं. खपणाऱ्या लेखकाची गरिबी हा हिशोबाचा विषय आहे आणि तो हिशोब कुणीतरी मांडायला हवा होता.

कविता म्हणजे कांदा नव्हे, असा आक्षेप येईल. मान्य. कवितेचं मोल पट्टीवर लिहिता येत नाही आणि कुणी लिहायला सांगतही नाही. पण कवितेचं पुस्तक कागदावर छापतात, त्याला किंमत लावतात, ते विकतात किंवा विकलं जात नाही. एवढ्या भागाची मोजदाद होऊ शकते. इंग्रज सरकारला ती करता येत होती. १८६७ च्या मुद्रणालय आणि पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकाच्या किती प्रती छापल्या आणि किंमत काय याची नोंद सरकारकडे होत असे, आणि त्या नोंदींच्या तिमाही याद्या निघत. हेतू पाळतीचा होता. पण त्या याद्यांमुळेच एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या केवढ्या होत्या हे आज अभ्यासकांना सांगता येतं. तो कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा नियतकालिकांपुरता कायदा आला आणि पुस्तकं त्यातून बाहेर पडली. आजच्या पुस्तकाच्या श्रेयपानावर ‘दुसरी आवृत्ती’ असं छापलेलं असतं. पहिली हजाराची होती, तीनशेची होती की पन्नासाची, हे लिहिलेलं नसतं. दीडशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्याच्या कारकुनाला जे माहीत होतं, ते आज पुस्तकाच्या लेखकाला माहीत नसतं.

ज्यांनी खरोखर काही उभं केलं, त्यांच्याकडे काय होतं हे बघितलं तर हाच मुद्दा पुन्हा समोर येतो. आपल्या शेजारच्या कन्नडमधलं उदाहरण घेऊ, कारण त्यात मराठीचाही वाटा आहे. गळगनाथ या नावाने लिहिणारे वेंकटेश तिरको कुलकर्णी आजच्या हावेरी जिल्ह्यातले. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या त्यांनी कन्नडमध्ये नेल्या, स्वतःच्या ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या, ‘सद्बोध चंद्रिका’ हे मासिक चालवलं. आणि पुस्तकांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ते गावोगाव विकत हिंडले. कन्नड माणूस ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतो, त्याने जरूर सांगावी. पण त्या गाठोड्याचा साधा अर्थ असा की लेखकापासून वाचकापर्यंत माल नेणारी दुसरी कुठलीच सोय नव्हती. त्यांच्या पाठोपाठच्या पिढीने गाठोड्याचं स्मारक करण्यापेक्षा सोय केली. १९३३ साली धारवाडमध्ये जी. बी. जोशींनी मनोहर ग्रंथमाला काढली. वर्गणीदारांकडून पैसे आधी घ्यायचे आणि वर्षभर पुस्तकं द्यायची. गिरीश कार्नाडांचं ‘ययाति’ तिथूनच आलं. किती वाचक आहेत हे छपाईच्या आधी माहीत असणं, हे त्या घराचं बळ होतं. मराठीत ग्रंथालीने १९७० च्या दशकात वाचकालाच सभासद करून घेतलं, आणि दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली त्या मार्गाने वाचकांपर्यंत गेलं.

बेंगळुरूतली आणखी दोन उदाहरणं देतो. पी. लंकेश यांनी १९८० मध्ये ‘लंकेश पत्रिके’ सुरू केलं आणि जाहिराती घ्यायच्या नाहीत असं ठरवलं. साप्ताहिक चाललं ते वाचकाच्या रोकड पैशांवर. किती अंक खपले हाच त्यांचा जमाखर्च, आणि तो दर आठवड्याला समोर यायचा. दुसरं, १९६७ साली सुरेश शहा या गुजराती माणसाने गांधीनगरात छोटंसं पुस्तकांचं दुकान काढलं. तेच आजचं सपना बुक हाऊस, कन्नड पुस्तकांचं मोठं प्रकाशन. परक्या भाषेच्या गावात येऊन त्या भाषेचीच पुस्तकं विकायची आणि छापायची, हे दुकानदाराला जमलं. कोणतं पुस्तक फळीवरून हललं आणि कोणतं नाही, हे दुकानदाराला रोज रात्री गल्ला मोजताना कळतं. वर्गणी, सभासद, दर आठवड्याचा खप, दुकानाचा गल्ला: या चौघांच्या स्वभावात आणि विचारांत काही साम्य नाही. साम्य आहे ते एवढंच की आकडा त्यांच्यापासून लपलेला नव्हता.

यशवंतपूरहून तुमकूर रस्त्याने पुढे गेलं की पीण्याची औद्योगिक वसाहत लागते. तिथे लेथ मशीन चालवणाऱ्या छोट्या कारखानदाराचीही मोठ्या कंपन्यांकडे बिलं अडकतात. पण त्याच्या बाजूने निदान कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या पुढे त्याचे पैसे अडवता येत नाहीत. अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यापुढची अडचण केली: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे मुदतीत न दिलेले पैसे देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाहीत. कायदा सगळीकडे पाळला जातो असं नाही. पण कारखानदाराला भांडायला तारीख मिळाली आहे.

लेखकालाही कायदा आहे, फक्त तो कुणी वाचत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम सांगतं की हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असलं पाहिजे, आणि त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती रॉयल्टीवर दिले हे लिहिलेलं असलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. करारात वेगळं म्हटलं नसेल आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर तो संपतो. किती मराठी लेखकांच्या घरी असा सहीचा कागद आहे? प्रकाशन समारंभाचे फोटो प्रत्येकाकडे असतात. आणि किती जणांना माहीत आहे की तोंडी व्यवहारावर वीस वर्षं चाललेलं त्यांचं पुस्तक कायद्याने अजून त्यांचंच आहे?

प्रकाशक म्हणतील, आम्ही कुठे टाटा-बिर्ला आहोत? बरोबर आहे. बहुतेक मराठी प्रकाशक हे एका खोलीतले छोटे धंदेवालेच आहेत आणि त्यांचेही पैसे अडकलेले असतात. बेंगळुरूचंच बघा. इथे मालमत्ता कराबरोबर रुपयामागे सहा पैसे ग्रंथालय कर घेतला जातो. नागरिक तो भरतो, पण महापालिकेने गोळा केलेली रक्कम ग्रंथालय खात्याला वेळेवर पोचवली नाही, ही तक्रार अनेक वर्षांची आहे. महापालिकेने थकवलं की खातं थकवतं, खात्याने थकवलं की प्रकाशक थकवतो. या साखळीत महापालिकेचा अर्थसंकल्प छापला जातो, खात्याची फाइल असते, प्रकाशकाकडे बिलाची प्रत असते. शेवटच्या टोकाला लेखक असतो आणि त्याच्याकडे फोनवरचं आश्वासन असतं. प्रकाशकाची अडचण खरी असेल तर त्याने ती कागदावर दाखवावी. ‘तुमच्या ११० प्रतींचे पैसे ग्रंथालयांकडून यायचे आहेत’ असं लिहून देणाऱ्या प्रकाशकाशी कोणताही लेखक भांडणार नाही. उलट ग्रंथालयाच्या दारात तो त्याच्या बाजूने उभा राहील.

पण गप्प राहण्यात फक्त प्रकाशकाचा फायदा असता, तर हे कधीच मोडलं असतं. लेखकालाही आकडा नको असतो. पट्टी आली आणि तिच्यावर ‘विक्री: ४३’ असं लिहिलेलं निघालं तर काय करायचं? त्यापेक्षा ‘बरं चाललंय’ हे वाक्य बरं. स्वतः पैसे भरून पुस्तक छापून घेणारा लेखक ते कुणाला सांगत नाही, छापणाराही सांगत नाही, आणि बाहेरच्या जगाला ते पुस्तक एका प्रकाशकाने निवडलेलं पुस्तक म्हणून दिसतं. पुरस्काराच्या समित्या, परीक्षणं, संमेलनातले परिसंवाद हा सगळा डोलारा या परस्परसंमतीच्या मौनावर उभा आहे. त्या मौनाची किंमत भरतो तो नवा, बिनओळखीचा, घरात दुसरा पगार नसलेला लेखक. त्याला कुणी सांगतच नाही की इथे लिहून घर चालत नाही. तो शिबिराची फी भरतो, मग छपाईचे पैसे भरतो, आणि पुस्तक पडलं की स्वतःच्या गुणवत्तेला दोष देतो.

आकडा बाहेर आला की काय होतं, हे हिंदीत नुकतंच दिसलं. विनोद कुमार शुक्ल यांनी २०२२ मध्ये आपल्याला किती तुटपुंजी रॉयल्टी मिळते हे उघडपणे सांगितलं. तेव्हा ते पंचाऐंशीच्या घरात होते आणि त्यांची पुस्तकं दशकानुदशकं छापली जात होती. मोठी चर्चा झाली. २०२५ मध्ये त्यांच्या ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीच्या सुमारे सहा महिन्यांच्या विक्रीपोटी हिंद युग्म या प्रकाशनाने त्यांना ३० लाख रुपयांचा धनादेश दिला. त्या वर्षी ज्ञानपीठ जाहीर झालं होतं, त्यामुळे खप वाढला, हे उघड आहे. सगळ्यांना असे धनादेश मिळतील असं मी म्हणत नाही. पण कादंबरी तीच होती, भाषा तीच, ‘वाचणारेच नाहीत’ म्हणणारं जगही तेच. एका म्हाताऱ्या लेखकाने आकडा बोलून दाखवला आणि एका प्रकाशनाने आकडा चारचौघांत मांडला, एवढ्याने निदान वाचक नसल्याची सबब उरली नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पुस्तकाच्या श्रेयपानावर आवृत्ती कितवी याबरोबर ती किती प्रतींची हे छापावं. दर वर्षी ३१ मार्चचा हिशोब जूनअखेर लेखकाला आणि अनुवादकाला लेखी द्यावा: छापल्या, विकल्या, भेट दिल्या, शिल्लक, येणं, देणं. शून्य असेल तर शून्य लिहावं. पुस्तक लेखकाच्या पैशांनी निघालं असेल तर तसं पुस्तकात म्हणावं. त्यात लाज नाही. गळगनाथांनी स्वतःचं गाठोडं स्वतः उचललं होतं. नियतकालिकाने मजकूर मागतानाच मानधनाचा आकडा आणि तारीख कळवावी. मानधन देणं शक्य नसेल तर तेही आधीच सांगावं, म्हणजे लिहायचं की नाही हे लेखक ठरवील. दिवाळी अंकाची जाहिरातीची दरपत्रकं छापील असतात, लेखकाचा दर मात्र तोंडी असतो. ही पद्धत बंद व्हावी. आणि हा मजकूर ज्या अंकात येतो आहे, त्या अंकालाही हे सगळं लागू आहे.

लेखकाच्या बाजूने एकच काम आहे. हिशोब मागायचा, लेखी मागायचा, आणि मिळाला की तो कितीही लाजिरवाणा असला तरी इतर लेखकांना दाखवायचा. गदगच्या शेतकऱ्याला त्या पावतीची लाज वाटली असती आणि त्याने ती खिशात घडी करून ठेवली असती, तर यशवंतपूरला कांदा नेऊ नका हे त्याच्या गावालाही कळलं नसतं.